सावित्रीवरचा दगडी पूल म्हातारा झाला म्हणून पडला, हे मला पटत नाही

दासगावकर:
महाडचा पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री गेला, दोन एसट्या आणि आणखी गाड्या माणसांसकट सावित्रीत गेल्या, आणि तेव्हापासून ज्याला विचारावं तो एकच सांगतो, ब्रिटिशांचा पूल होता, 1928 चा, कधीतरी पडणारच होता. मला हे अजिबात पटत नाही. दगडी कमान दाबावर उभी असते, वरचं वजन दगडाला दगडावर घट्ट बसवतं आणि आत गंजायला सळईच नसते. घात पायाशी होतो. पुराचं पाणी खांबाला अडलं की तिथे भोवरा होऊन खालची वाळू-माती उपसली जाते, त्यात आपण नदीतून वाळू काढतो ते वेगळंच. वरून पूल जसाच्या तसा दिसतो. त्याच वर्षी मे महिन्यात पाहणी झाली होती, धोका नाही असं सांगितलं होतं. वरवर बघून पाण्याखालचा पाया कसा कळणार?

पोलादपूरचा ड्रायव्हर:
दादा, पायाचं खरंय, पण कमानीला एवढं डोक्यावर घेऊ नका. कमानीचे गाळे, म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, आखूड, म्हणून पात्रात खांबच खांब, तिकडे महाबळेश्वरला धो धो पडला की सावित्री झाडं-ओंडके घेऊनच खाली येते आणि ते तिथेच अडकतं. म्हणजे तुम्ही म्हणता तो भोवरा पुलाच्या रचनेनेच वाढतो ना? आणि 1928 ला कंटेनर कोण नेत होतं? बाजूला नंतर बांधलेला पूल त्याच रात्री त्याच पाण्यात उभा राहिला, त्यावर बोला. पडल्यावर नवा पूल 165 दिवसांत झाला, जून 2017 ला चालू. मनात आणलं तर होतं. जुने सगळे पाडा.

म्हाप्रळची:
नवा म्हणजे भक्कम असतं तर आम्हाला आंबेतच्या पुलाचा एवढा त्रास झाला नसता. नदी हीच, फक्त खाली खाडीत, पूल सिमेंटचा, महाडच्यापेक्षा कितीतरी तरुण, तरी खांब सरकला आणि वाहतूक बंद झाली. तेव्हा पेशंटला मुंबईला न्यायचं तर फेरीबोटीची वाट बघायला लागायची नाहीतर महाडवरून वळसा घालायला लागायचा. खाऱ्या हवेत सळई गंजून फुगते आणि काँक्रीटचे पोपडे सुटतात, हे इथे कुठल्याही जुन्या स्लॅबखाली उभं राहून बघा. आणखी खाली बाणकोटला तर नुसते अर्धवट खांब कित्येक वर्षं उभे. ते 165 दिवस आमच्या वाट्याला नाही आले, भाऊ.

दासगावकर:
बाजूचा पूल टिकला तो त्याचा पाया टिकला म्हणून, हेच तर सांगतोय. पाडायचा असेल तो खुशाल पाडा, पण जो वापरात आहे तिथे पावसाच्या आधी आणि नंतर पाणबुडे उतरवून खांबाच्या बुडाशी किती धूप झालीय ते मोजा आणि तो आकडा पुलावर बोर्ड लावून लिहा. दगडांच्या सांध्यातून पिंपळाची रोपं हातभर वाढतात, ती उपटायलाही कोणी जात नाही, मग बुडाशी कोण बघणार!

पोलादपूरचा ड्रायव्हर:
मोजा की, कोण नको म्हणतंय. पण पाणी धोक्याच्या खुणेला लागलं की दोन्हीकडून गेट लावायचं आणि जुन्या पुलावर एकही गाडी सोडायची नाही, तपासणीचा कागद काहीही म्हणो. मे महिन्यातला कागद त्या रात्रीही होताच.