जमिनीखालच्या काळ्याकुट्ट समुद्राच्या गोष्टी सुचवा ना राजेहो

खारपाणपट्टेवाला:
राजेहो, मदत पाह्यजे. आम्ही गावातले काही पोट्टे रविवारी रात्री फासे टाकून डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो (एकजण गोष्ट रचून गेम चालवते, बाकीचे त्यातले हिरो होतात), मराठीत, अर्धे नियम आमचेच, अन् यंदा गेम चालवायची पाळी माह्यावर आली. आम्ही दर्यापूरकडले, इथं विहिरीचं पाणीच खारं लागते, तं मी ठरवलं का माह्या दुनियेत पूर्णेच्या खोऱ्याखाली आख्खा समुद्र असन, विहीर खोदता खोदता तळ फुटते अन् हिरो लोकं थेट खाली. इथपर्यंत मस्त जमलं. पण जे जे वाचलं, पाह्यलं त्यात खाली गेल्या गेल्या चमकणारे मशरूम, चमकणारे मासे, निळा निळा उजेड, सारंच दिसते, मंग अंधार कुठी राह्यला बे? मले असा समुद्र पाह्यजे जिथं अंधारच व्हिलन हाय. पुस्तक, गेम काहीही चालन. इंग्रजी असलं तरी चालते, फक्त लय जड नको.

वऱ्हाडी_वाचक:
ज्यूल व्हर्नपासून सुरू कर भाऊ, 1864 चं पुस्तक, पृथ्वीच्या पोटातला प्रवास. आइसलंडच्या ज्वालामुखीतून उतरतात, खाली समुद्र सापडते, अन् प्रोफेसर लिडेनब्रॉक त्याले स्वतःचंच नाव देऊन मोकळा होते. पण तुह्या तक्रारीचं मूळ बी तिथंच हाय. वरच्या छताखाली विजेचा उजेड ठेवला त्यानं, म्हणून इक्थिओसॉर अन् प्लेसिओसॉर या डायनासोरच्या काळातल्या समुद्री प्राण्यांची मारामारी तराफ्यावरून निवांत दिसते. एक गोष्ट मात्र भारी जमली, त्या उजेडात ऊब नाही, सारं उदास उदास वाटते. भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठीत आणला, तालुक्याच्या लायब्ररीत विचारून पाह्य.

इंजिनवाला_भौ:
पुस्तकं नंतर वाचजो, आधी 'सनलेस सी' खेळ. 2015 चा गेम हाय, वरून दिसणारा साधा टू-डी, आख्खं लंडन जमिनीखाली खचलंय अन् तू तिथल्या समुद्रावर एका स्टीमरचा कॅप्टन. तुले जे पाह्यजे ते याच्यातच हाय. बोटीच्या पुढचा दिवा लावला तं इंधन जास्त जळते अन् राक्षसांना बी तू दिसतो, अन् विझवला तं दहशतीचा आकडा भराभरा चढते, तो शंभरावर गेला का संपलं. म्हणजे उजेड फुकट नाही, त्याची किंमत मोजा लागते, अन् हेच बाकीचे लोकं विसरतात! उजेड फुकट दिला का तो फक्त छत टाकलेला अरबी समुद्र राह्यते. तुह्या गेममंदी कंदिलाचं तेल मोजत जाय, नेम धरून मोजत जाय, पोट्टे कसे चळाचळा कापतात पाह्य. आता गेममंदी वाचन लय हाय हे खरं, अन् सुरुवातीले तीन-चारदा तं मरशीनच, सोडू नको.

संत्राबर्फी:
नार्निया नावाच्या जादुई दुनियेवरच्या मुलांच्या पुस्तकांमधलं 'द सिल्व्हर चेअर' कोणीच नाही सांगितलं? 1953 चं, भाषा एकदम सोपी. त्यात भूमिगत समुद्राचा भाग थोडासाच आहे पण मी तरी त्यापेक्षा चांगला वाचला नाही. वारा नाही, लाट नाही, जहाजावर एक फिकट दिवा, वल्ही मारणारे मुके मुके लोक. राक्षस वगैरे काही येतच नाही. होतं काय तर मुलांना हळूहळू वाटायला लागतं की आपण कायमचे इथेच होतो, अन् ऊन, पाखरं, वारा हे सगळं स्वप्नातच पाहिलं असेल. भाऊ, तुमच्या गेममध्ये हे वापरा. प्रत्येक वेळी झोपून उठलं की खेळाडूने वरच्या जगातली एक आठवण खोडायची, गावाचं नाव, आईचा चेहरा असं. तेल मोजण्यापेक्षा हे जास्त लागेल, इंजिनवाले भाऊ रागवू नका.

इंजिनवाला_भौ:
रागवलो नाही ताई, दोन्ही करा म्हणतो. तेल संपलं का आठवण खोडा.

नारद_मेहकरकर:
गंमत म्हणजे आपलं पाताळ अंधारं नाहीच. विष्णुपुराणात नारद तिथून येऊन सांगतात का पाताळ स्वर्गापेक्षा बी भारी हाय, अन् नागांच्या मण्यांनी तिथं झगमगाट असते. म्हणजे चमकणाऱ्या मशरूमचं खापर एकट्या व्हर्नवर फोडू नका.

भूगोल_मास्तर:
पोरा, एक विचारतो, तुझ्या समुद्रातले प्राणी खातात काय? ऊन नाही म्हणजे शेवाळ नाही, शेवाळ नाही म्हणजे पुढचं काहीच नाही. रोमानियात मोव्हिले नावाची गुहा आहे, 1986 साली सापडली, लाखो वर्षं बाहेरच्या जगापासून बंद होती. तिथले जिवाणू सडक्या अंड्याच्या वासाच्या वायूवर, म्हणजे हायड्रोजन सल्फाइडवर जगतात, अन् त्यांच्यावर बाकीचे आंधळे किडे, गोगलगाई, जळवा. तुझ्या खेळात तो वास आला की समजायचं, इथे खाणं आहे अन् खाणारे पण आहेत. दिव्याची गरजच नाही, नाकाने नकाशा काढा. दुसरं, वारा नसेल तर शीड निरुपयोगी, पण भरती-ओहोटीचं काय? चंद्राची ओढ खडकाने अडत नाही. तेव्हा अमावस्या-पौर्णिमेला खाली पाणी जास्त चढणार, चंद्र कोणी जन्मात पाहिलेला नसला तरी. खालच्या लोकांचं पंचांग तेच.

खारपाणपट्टेवाला:
सर!!! हे तं भन्नाटच. खालचे लोकं पाण्याले देव मानतात अन् पाणी काहून चढते हे त्यांना माहीतच नाही. उतरलो तवा पौर्णिमा होती हे फक्त हिरोंना ठाऊक, तेच तिथले ज्योतिषी होतात.

वऱ्हाडी_वाचक:
सर बरोबर हाय पण एक अडचण. लहान बंदिस्त पाण्यात भरती नावालेच येते. लोणारच्या सरोवराले कुठी भरती असते?

भूगोल_मास्तर:
बरोबर पकडलंस. समुद्र लांबलचक हवा.

खारपाणपट्टेवाला:
मंग नागपूर ते मुंबई करून टाकतो, माह्या बापाचं काय जाते. पहिल्या रविवारी फक्त विहीर, अंधार अन् वास, समुद्र दाखवतच नाही. संत्राबर्फी ताई, आठवण खोडायचा नियम घेतला. फक्त एक सांगजा, सगळ्या आठवणी संपल्यावर त्या खेळाडूचं काय करू? मारून टाकू का वल्ही मारायले बसवू?

संत्राबर्फी:
वल्ही. अन् ते पात्र त्याच्याकडून काढून तुम्ही चालवायला घ्या.