गॅस गिझर मधेच विझतो, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही अमरावती जिल्ह्यात, मोर्शीकडच्या एका खेड्यात राहतो. थंडी पडली अन् गॅस गिझरनं त्रास देणं सुरू केलं. नळ सोडला की टिकटिक होते, भप्पकन जाळ धरतो, अर्धी बादली भरेपर्यंत चालतो अन् विझतो. नळ बंद करून पुन्हा सोडला की परत तेच. आई अंगाला साबण लावून आवाज देते!

सेल नवे टाकले. सिलिंडर भरलेला आहे, तोच शेगडीला लावला तर जाळ निळा अन् एकसारखा. वीस मिनिटांनी आपोआप बंद होणारा टायमर असतो म्हणतात, पण हा तर त्याच्या कितीतरी आधीच बंद पडतो.

पाणी बोअरचं, जड. गंजात (पातेल्यात) पांढरा थर बसतो. टाकी स्लॅबवरच, फार उंच नाही. पाणी आत येते तिथली जाळी काढून धुतली, बरीच रेती निघाली, पण फरक शून्य. जाळाजवळची सेन्सरची कांडी मात्र काळी पडली आहे.

तालुक्याचा मिस्त्री सरळ नवा घ्या म्हणतो. मला ते पटत नाही.

कांडी बारीक पॉलिश पेपरनं घासली तर चालते का? की पाण्याचा दाब कमी पडून आतला रबरी पडदा गॅस बंद करतो? गिझर मागच्या पडवीत, मोकळ्यावर आहे. कार्बन मोनॉक्साइडच्या भीतीनं न्हाणीत लावलाच नाही, म्हणून तो सल्ला नको. हवेच्या झोतानं विझत असेल, तर आडोसा किती दूर ठेवावा?