आई-बाबांसह पहिला रेल्वेप्रवास: सात दिवसांचा पास घ्यावा का?

प्रेषक: एक सभासद, योकोहामा

सप्रेम नमस्कार.

येत्या नोव्हेंबरमध्ये माझे आई-बाबा साताऱ्याहून पहिल्यांदाच जपानला येत आहेत. बाबांची सारी नोकरी रेल्वेत गेली असल्यामुळे जपान पाहायचा तो गाडीच्या खिडकीतूनच, असे त्यांनी तिथूनच बजावले आहे. आईची इच्छा निराळी आहे. तिला इथली देवळे, इथल्या लोकांची उपासना आणि रोजच्या वागण्यातले रीतिरिवाज जवळून पाहायचे आहेत, आणि नुसते इमारतींसमोर उभे करून फोटो काढत फिरवू नकोस, अशी तिची ताकीद आहे.

मी आखलेला कार्यक्रम असा आहे की तिघांसाठी सात दिवसांचा जेआर (जपान रेल्वे) पास घ्यावा आणि टोकियोहून कानाझावा, क्योटो, हिरोशिमा, ओसाका असे करत परत यावे. रोज एक शहर झाले तर पासाचे पैसे वसूल होतील, असा माझा हिशेब आहे. आई पूर्ण शाकाहारी असून याच दिवसांत तिची कार्तिकी एकादशी येते. बाबांना गुडघ्यांमुळे फार वेळ जमिनीवर बसता येत नाही. जाणकार सभासदांनी या आराखड्यात काय राखावे आणि काय गाळावे, हे कृपया कळवावे.

आपला नम्र.

---

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद, निशीकासाई, टोकियो

स. न. वि. वि.

आपल्या आई-बाबांचे मंडळातर्फे आगाऊ स्वागत. आपण सल्ला मागितला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

सर्वप्रथम पासाविषयी. हा पास अल्पकालीन भेटीच्या शिक्क्यावर आलेल्या परदेशी पाहुण्यांसाठी आहे, त्यामुळे इथे नोकरीच्या व्हिसावर राहणाऱ्या आपल्याला तो मिळणार नाही. मिळेल तो फक्त आई-बाबांना. त्यांच्यासाठी तरी घ्यावा का? २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सात दिवसांच्या साध्या पासाची किंमत २९,६५० येनवरून एकदम ५०,००० येनवर नेण्यात आली, आणि तेव्हापासून त्याचे गणित पार बदलले. टोकियोहून क्योटोचे आरक्षित तिकीट साधारण १४,००० येनचे असते. हिरोशिमापर्यंत जाऊन परत आलात, तरी खर्च ४०,००० येनच्या आसपासच राहतो. शिवाय सर्वांत वेगवान नोझोमी गाडीसाठी पास असूनही वेगळी रक्कम भरावी लागते. म्हणजे पास वसूल करण्यासाठी रोज पळत राहायचे, आणि ज्यासाठी आलो ते पाहायला वेळ उरायचा नाही. साठी ओलांडलेल्या माणसांना रोज नव्या खोलीत बॅग उघडायला आणि भरायला लावणे मला तरी पटत नाही.

माझी सूचना अशी की कानाझावा आणि हिरोशिमा पुढच्या भेटीसाठी ठेवावे. क्योटोला तीन रात्री, मग नारामार्गे कोयासान या डोंगरावरच्या मठांच्या गावी एक रात्र, ओसाकाला एक रात्र आणि परत घर. यात शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, आहे, साधी लोकल आहे, डोंगर चढणारी खासगी कंपनीची गाडी आहे आणि शेवटी दोराने ओढली जाणारी केबल कारही आहे. बाबांची तक्रार राहणार नाही.

आपण योकोहामाला राहता, म्हणून शिन-योकोहामाहून बसणे सोयीचे आहे हे मी जाणते. तरीही जाताना टोकियो स्टेशनावर जाऊन तिथून बसावे, असे सुचवते. मरुनोउचीच्या बाजूची १९१४ ची विटांची इमारत पाहावी आणि गाडी सुटण्याच्या बरीच आधी फलाटावर उभे राहावे. आलेली गाडी रिकामी झाली की सफाई कर्मचारी आत शिरतात, काही मिनिटांत कचरा उचलतात, खिडकीखालची फळी पुसतात आणि आसने फिरवून उलट्या दिशेला करतात, कारण गाडी आता माघारी जायची असते. प्रवासी तोवर फलाटावर आखलेल्या खुणांमागे रांगेत उभे असतात आणि कोणी दाराशी घुसत नाही. ज्यांनी आयुष्यभर रेल्वेत काम केले, त्यांना या दृश्याचे मोल आपल्यापेक्षा अधिक कळेल. याच मार्गावर १ ऑक्टोबर १९६४ रोजी, टोकियो ऑलिम्पिकच्या तोंडावर, पहिली शिंकान्सेन धावली, हेही त्यांना सांगावे.

आसने निवडताना एक बारकावा लक्षात ठेवावा. साध्या डब्यात एका बाजूला ए, बी, सी अशी तीन आणि दुसऱ्या बाजूला डी, ई अशी दोन आसने असतात, आणि फुजी पर्वत डी-ई च्या बाजूला दिसतो. तिघे आहोत म्हणून सवयीने तीनची रांग घेतली, तर पर्वताकडे पाठ होते. आई-बाबांना डी-ई द्यावे आणि आपण मधल्या वाटेपलीकडे सी घ्यावे. शिन-फुजी स्टेशनाच्या सुमारास, टोकियो सोडल्यावर पाऊण तासाने, हवा स्वच्छ असेल तर पूर्ण पर्वत दिसतो. सकाळची गाडी घेतल्यास शक्यता वाढते.

क्योटोत देवळे हजारांवर आहेत, आणि एका दिवसात सहा पाहिली की सातव्याचे नावही लक्षात राहत नाही. मी फक्त एकाचा आग्रह धरीन: सान्जूसान्गेन्दो. सुमारे १२० मीटर लांबीच्या एकाच लाकडी दालनात कान्नोन या करुणेच्या देवतेच्या १००१ मूर्ती ओळीने उभ्या आहेत, आणि त्यांच्यासमोर जे २८ रक्षक आहेत, त्यांत आपले ब्रह्मदेव, इंद्र, सरस्वती आणि गरुड जपानी वेषात भेटतात. आत फोटो काढण्यास मनाई आहे, तेव्हा आईची अट इथे आपोआपच पाळली जाईल.

नाराला तोदाइजी हे देऊळ चुकवू नये. तिथल्या महाबुद्धाच्या मूर्तीचे डोळे रेखण्याचा सोहळा ७५२ मध्ये झाला, आणि तो कुंचला हाती धरणारा बोधिसेन हा भारतातून आलेला भिक्षू होता. कुंचल्याला लांब दोरे बांधले होते आणि जमलेल्यांनी ते हाती धरले होते, म्हणजे त्या रेघेत सर्वांचा हात लागावा. क्योटोहून नाराला जेआरच्या जलद लोकलने पाऊण तास लागतो.

कोयासानविषयी मात्र ओसाकाच्या सभासदांनी लिहावे. त्यांचे तिथे नेहमी जाणे असते.

आपली हितचिंतक.

---

प्रेषक: एक सभासद, ओसाका

सप्रेम नमस्कार.

काकूंनी हाक मारलीच आहे, म्हणून लिहितो. पासाविषयी त्यांनी जे लिहिले आहे त्यात एक भर घालतो: कोयासानला जाणारी नानकाई ही खासगी रेल्वे आहे, त्यामुळे तिथे जेआर पास चालतही नाही. नाराहून यायचे असल्यास ओसाकाच्या मध्यवर्ती भागात शिरण्याची गरज नाही. जेआरच्या जलद गाडीने थेट शिन-इमामिया गाठावे आणि तिथे नानकाईच्या कोया मार्गावर बदलावे. हाशिमोतोनंतर गाडी डोंगरात शिरते, वळणावळणांनी चाकांचा आवाज करत हळूहळू चढते, आणि गोकुराकुबाशीला रूळ संपतात. पुढे पाच मिनिटांची केबल कार आणि मग बस. वरच्या स्टेशनापासून गावापर्यंतच्या रस्त्यावर चालत जाण्यास परवानगी नाही, तेव्हा 'एवढेसे अंतर तर आहे' असे बाबा म्हणाले तरी बसच घ्यावी.

कोयासान म्हणजे कूकाई, म्हणजेच कोबो दाइशी यांनी ८१६ मध्ये वसवलेले मठांचे गाव. आज तिथे शंभरावर मंदिरे आहेत आणि त्यांपैकी पन्नासच्या आसपास मंदिरांत मुक्कामाची सोय होते. आईंच्या जेवणाचा प्रश्न इथे सुटतो. क्योटोच्या साध्या खानावळीत भाजीच्या आमटीतही बोनितो माशाचा अर्क असतो आणि वाढणाऱ्याला त्यात मांसाहार वाटत नाही; मठातल्या शोजिन, म्हणजे भिक्षूंच्या शाकाहारी जेवणात मात्र तो अर्क कोम्बू हे समुद्री शेवाळ आणि शिताके अळंबी यांचा असतो. मासे-मांस तर नसतेच, पण परंपरेने कांदा-लसूणही वर्ज्य असतो. तिळाचे मऊ तोफू आणि गोठवून वाळवलेले कोया-तोफू हे इथले खास पदार्थ. आरक्षण करतानाच 'माशाचा अर्कही नको' असे लिहून कळवावे, म्हणजे गैरसमजाला जागा राहत नाही. एकादशीला रताळ्यांची चिंता करू नये. नोव्हेंबरात भाजलेली रताळी इथल्या जवळजवळ प्रत्येक सुपरमार्केटमध्ये गरम मिळतात. दाणे आणि फळे बरोबर असली की झाले.

जेवण संध्याकाळी साडेपाच-सहालाच येते, तेव्हा पाचच्या आत पोहोचावे. बाबांसाठी खुर्ची किंवा उंच बैठक आणि शक्य असल्यास पलंग आधीच मागून घ्यावा, सगळीकडे असतोच असे नाही. स्नानगृह बहुधा सामाईक असते, स्त्री-पुरुषांसाठी स्वतंत्र. आधी अंग धुऊन मगच गरम पाण्याच्या टाकीत उतरायचे आणि कपडे घालून उतरायचे नाही. आईंना संकोच वाटल्यास खोलीत स्नानाची सोय असलेला मठ शोधावा. थोडा महाग पडतो, पण मन शांत राहते. गाव सुमारे ८०० मीटर उंचीवर असल्याने क्योटोपेक्षा थंडी चांगलीच जास्त असते.

पहाटेच्या प्रार्थनेला बसावे. काही मठांत त्यानंतर होम होतो. अग्निकुंडात समिधा पडू लागल्या आणि मंत्र सुरू झाले की आईंना कोणी समजावून सांगण्याची गरज राहणार नाही. ओकुनोइनच्या दफनभूमीतल्या थडग्यांवर सिद्धम या जुन्या भारतीय लिपीतली बीजाक्षरे कोरलेली दिसतात, त्यांतला 'अ' ओळखता येतो का ते पाहावे.

ओकुनोइनला मात्र सकाळी साडेदहाच्या आधी पोहोचावे. कोबो दाइशी ८३५ मध्ये समाधीत बसले आणि आजही त्याच ध्यानात आहेत, अशी तिथली श्रद्धा आहे, त्यामुळे त्यांना रोज सकाळी सहाला आणि साडेदहाला जेवण नेले जाते. पिवळसर वस्त्रांतले दोन भिक्षू लाकडी पेटी खांद्यावर तोलत स्वयंपाकघरातून बाहेर पडतात, शेजारच्या 'चव पाहणाऱ्या' जिझो या बोधिसत्त्वाच्या मूर्तीसमोर क्षणभर थांबतात, आणि मग पूल ओलांडून समाधीकडे जातात. आळंदीची संजीवन समाधी ज्यांनी मनोभावे पाहिली आहे, त्यांना हा नैवेद्य परका वाटत नाही, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे. त्या पुलापलीकडे फोटो आणि खाणेपिणे दोन्ही वर्ज्य आहे.

आपला स्नेहांकित.

---

प्रेषक: एक सभासद, योकोहामा

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. पासाचा विचार सोडून दिला आहे. बाबांना फोनवर केबल कारविषयी सांगितले, तेव्हा त्यांनी सर्वप्रथम चढाचे प्रमाण विचारले आणि आईने मठातल्या होमाची वेळ. कार्यक्रम दोघांनाही पसंत आहे, असे मी समजतो. आता दोनच शंका उरल्या आहेत. आई-बाबांच्या दोन मोठ्या बॅगा असतील, त्या डोंगरावर कशा न्याव्यात? आणि परतीच्या प्रवासात वेगळे असे काही करता येईल का?

---

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद, निशीकासाई, टोकियो

बॅगा डोंगरावर नेऊच नयेत. क्योटोच्या हॉटेलातूनच त्या ताक्क्यूबिन या घरपोच कुरिअरने थेट ओसाकाच्या हॉटेलवर पाठवाव्यात. साधारणपणे दुसऱ्या दिवशी पोहोचतात, आणि आपण वर एका रात्रीपुरती पिशवी घेऊन जावे. शिंकान्सेनमध्ये बरोबर न्यायच्या झाल्यास लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज १६० सेंटिमीटरच्या वर जाते का ते घरीच मोजावे. जात असेल तर डब्यातल्या शेवटच्या रांगेचे, मागे बॅगेची जागा असलेले आसन आरक्षित करावे लागते. त्याचे जादा पैसे पडत नाहीत, पण आरक्षणाशिवाय बॅग आणल्यास १,००० येन भरावे लागतात. मात्र ती रांग मागितल्यावर डी-ई मिळेलच याची खात्री नाही, म्हणून बॅगा कुरिअरनेच पाठवाव्यात, हे माझे मत.

सुइका किंवा पास्मो हे आधी पैसे भरून वापरायचे प्रवासाचे कार्ड ओसाकातही चालते, पण टोकियोला टेकवून आत शिरायचे आणि क्योटोला बाहेर पडायचे, असे करता येत नाही. लांबच्या प्रवासाला स्वतंत्र तिकीटच हवे.

परतीला नोझोमीऐवजी कोदामा घ्यावी. ती प्रत्येक स्टेशनावर थांबते, आणि मागून येणाऱ्या वेगवान गाड्यांना वाट देण्यासाठी काही ठिकाणी पाच-पाच मिनिटे उभी राहते. वेळ दीडपट लागतो, पण बाबांना फलाटावर उतरून बाजूच्या रुळावरून न थांबता जाणारी गाडी अगदी जवळून पाहता येईल. गाडीतली खाद्यपदार्थांची ढकलगाडी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर बंद झाली आहे, तेव्हा शिन-ओसाकालाच खाण्याचे घेऊन बसावे. स्टेशनावर मिळणाऱ्या जेवणाच्या डब्यांत शाकाहारी क्वचितच असतो, म्हणून आईंसाठी आदल्या रात्रीच सोय करून ठेवावी.

आणखी एक. बहुतेक मोठ्या स्टेशनांवर त्या स्टेशनाचा रबरी शिक्का प्रवाशांसाठी ठेवलेला असतो; ही प्रथा १९३१ मध्ये फुकुई स्टेशनावर सुरू झाली. बाबांना एक कोरी वही घेऊन द्यावी. देवळांत मिळणारा हस्तलिखित गोशुइन, म्हणजे दर्शनाची खूण म्हणून दिला जाणारा शिक्का व अक्षरे, मात्र त्या वहीत मागू नये. त्यासाठी आईंना देवळातच मिळणारी वेगळी वही घ्यावी. दोन्हींची सरमिसळ केलेली वही पुजारी परत करू शकतात. आरक्षणे झाली की तारखा इथे कळवाव्यात, कारण तिसऱ्या आठवड्यापासून क्योटोत पानगळीची गर्दी उसळते आणि मठांतल्या खोल्या त्याआधीच संपतात.