बूट लाल की चंदेरी?

कोणीतरी म्हटलंय की एबीसी या अमेरिकन वाहिनीवर शनिवारी सकाळी लागणारी १९९० सालची 'द विझर्ड ऑफ ऑझ' ही कार्टून मालिका थेट अमेरिकन लेखक एल. फ्रँक बाउमच्या पुस्तकावरून बेतलेली होती. अर्धंच बरोबर. नायिकेच्या, म्हणजे डोरोथीच्या पायांकडे बघा, बूट लाल आहेत. १९००च्या मूळ पुस्तकात ते चंदेरी. लाल झाले ते १९३९च्या सिनेमात, टेक्निकलरमध्ये (तेव्हाच्या रंगीत चित्रीकरणात) उठून दिसावेत म्हणून. म्हणजे मालिकेने नातं जोडलं ते सिनेमाशी.

पुढची गोष्ट मात्र तिने स्वतःची रचली. मेलेली चेटकीण परत जिवंत होते आणि विझर्डचा, म्हणजे जादूगाराचा उडता फुगा वाऱ्यावर भरकटत राहतो. डोरोथी आणि तिचे सोबती त्याच्या मागे. दर आठवड्याला तेच. १३ भागांत आटोपलं, मला तरी नवल वाटलं नाही.

चुटपुट एवढीच की पुस्तकांत माल भरपूर होता. बाउमने एकट्याने ऑझ या जादुई देशाची १४ पुस्तकं लिहिली. डोरोथीच्या सोबत्यांतला तो पत्र्याचा माणूसच घ्या ना. मुळात हाडामांसाचा लाकूडतोड्या. मंतरलेली कुऱ्हाड निसटते, पाय तुटतो. पत्रेकाम करणारा नवा पाय बसवून देतो. मग दुसरा पाय, मग हात, मग डोकंसुद्धा, शेवटी धडही! असं करत करत माणूस संपतो आणि नुसता पत्रा उरतो. (लहानपणी हे वाचलं असतं तर झोप उडाली असती.) सिनेमाने हे सगळं वगळलं. कार्टूनवाल्यांनी निदान एक भाग तरी यावर करायचा होता.