रिक्षेत की रिक्षात?

तलावपाळी:
ठाणे स्टेशनाबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत पुढच्या आजी नातवाला म्हणाल्या, "रिक्षेत नीट बस." नातू म्हणे, "आजी, रिक्षात म्हणतात." (आत्ता मीही 'रिक्षाच्या' लिहिलं, कळतंय.) तरी माझं मत आजींना. शाळा-शाळेत, तशी रिक्षा-रिक्षेत. शब्द जपानी, मूळ 'जिनरिकिशा', माणसाच्या बळावर चालणारी गाडी. आपण त्याला 'क्ष' देऊन शिक्षा-दीक्षेच्या पंगतीला बसवलं, मग वाढताना हात आखडता का?

वाशीकर:
मी जन्मात रिक्षेने आलो नाही, रिक्षानेच आलो. आता कुणीतरी सांगेल की गाडी म्हणून ती रिक्षा, ती बस, ती लोकल. मग तो ट्रक आणि तो टेम्पो कसा? लोक बोलतात तो नियम.

कळवेकरीण:
पण लोक नियमानेच बोलतात, तेही न शिकवता! बटाटा पोर्तुगीजांकडून आला. 'बटाट्याची भाजी' म्हणताना कुणी व्याकरण आठवतं का? कॅमेरा-कॅमेऱ्यात, पिझ्झा-पिझ्झ्यावर, तसंच. लिहितानाची गंमत तर अजून मोठी. वकील अरबी, पण 'वकिलाला'. तिकीट इंग्रजी, पण 'तिकिटाला'. दोन्हीकडे दीर्घ ई ऱ्हस्व झाली. संस्कृत 'शरीर' मात्र 'शरीराला', त्याची ई हलत नाही. म्हणजे तिकीट शरीरापेक्षा जास्त घरचं झालं.

वाशीकर:
ही जुनी नाहीतर आकारान्त उदाहरणं. मॉलात कोण जातं? मॉलमध्ये जातात. 'व्हॉट्सॲपावर' म्हणून बघा, लोक हसतील.

तलावपाळी:
तीच तर भीती. आमचे वडील ऑफिसात जायचे, मी ऑफिसमध्ये जातो. पाहुण्या शब्दांपुरतं असतं तर सोडून दिलं असतं. पण परवा घोडबंदर रोडला बोर्ड वाचला, 'ठाणेमध्ये फ्लॅट'. ठाण्यात राहून ठाणेमध्ये! सामान्यरूप, म्हणजे प्रत्यय लागण्याआधी शब्द बदलतो ते रूप, आता घरच्या शब्दांचंही चाललं.

वाशीकर:
बोर्डावरून भाषेची नाडी बघू नका. तो मजकूर इंग्रजीवरून उतरवलेला असणार. बोलताना असं कोण म्हणतं?

कळवेकरीण:
माझी मुलगी म्हणते, 'ठाणेमध्ये'. पण 'कळवामध्ये' नाही म्हणत, कळव्यातच म्हणते, कारण ते आजीच्या तोंडून ऐकलंय. आणि हीच मुलगी काल म्हणाली, "थांब, गुगलून बघते." 'बदल' अरबी, त्याचं आपण 'बदलणे' केलं. खर्चाचं 'खर्चणे' केलं. एरवी इंग्रजी शब्दाला आपण 'करणे' नाहीतर 'मारणे' जोडून मोकळे होतो. तिने सरळ ऊन-प्रत्यय लावला.

वाशीकर:
'गुगलून' मान्य. 'रिक्षेत' नाही.