भोपाळचं दूषित पाणी: जबाबदारी कंपनीची की सरकारची?

सातबारा (धागाकर्ता)

३० जून २०२५ रोजी इंदूरजवळच्या पीथमपूरच्या भट्टीत युनियन कार्बाइडच्या कचऱ्याचं शेवटचं पोतं जळालं आणि ‘भोपाळचा डाग पुसला’ असा सूर लागला. जळाला तो ३३७ टन: १६२ टन माती, ९२ टन सेव्हिन (कारखान्यात बनणारं कीटकनाशक) आणि नॅफ्थॉलचे अवशेष, ५४ टन अर्धवट तयार कीटकनाशक आणि २९ टन रिअॅक्टरमधला गाळ. हा सगळा माल आधीच गोळा करून शेडमध्ये ठेवलेला होता. भोपाळच्या कारखान्याच्या आवारातली दूषित माती नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेच्या अंदाजाने ११ लाख टन आहे, आणि ती जिथल्या तिथेच आहे. तिच्याखालून पाणी वाहतं आणि त्या पाण्यावर वस्त्या आहेत.

माझं म्हणणं असं की या वस्त्यांची जबाबदारी आता सरकारची आहे. दयाबुद्धीने नव्हे, जमिनीचा मालक म्हणून. जागा मुळात राज्य सरकारने भाडेपट्ट्याने दिलेली होती आणि १९९८ मध्ये सरकारने ती परत ताब्यात घेतली. घेताना जमिनीत काय पुरलंय ते माहीत होतं, कारण नीरीचं काम त्याआधीच सुरू झालेलं होतं. शिवाय १९८५ च्या कायद्याने वायुपीडितांच्या वतीने दावा लावण्याचा एकाधिकार केंद्राने स्वतःकडे घेतला आणि १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड केली. वकीलपत्र घेतलं तुम्ही, सातबारा तुमच्या नावावर, मग आता ‘कंपनीकडे जा’ कसं म्हणता?

दामदुप्पट

असहमत. तुम्ही दोन वेगळी प्रकरणं एका दोरीला बांधताय. १९८९ ची तडजोड वायुगळतीची होती. पाण्याचं दूषण त्याच्या आधीपासून चालू होतं: १९६९ पासून आवारात कचरा पुरला गेला, १९७७ मध्ये उत्तरेला बाष्पीभवनाची तळी बांधली, आणि त्या तळ्यांना गळती लागल्याचे कंपनीचे स्वतःचे टेलेक्स १९८२ चे आहेत. म्हणजे ३ डिसेंबर १९८४ उजाडलाच नसता तरी हा दावा उभा राहिला असता. ‘सगळं १९८९ ला मिटलं’ हे कंपनीचं आवडतं वाक्य आहे, ते आपण कशाला बोलायचं?

दुसरं, राजस्थानातल्या बिछडी गावाचा १९९६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पाहा. एच-आम्ल (रंग बनवायला लागणारं रसायन) करणाऱ्या कारखान्यांनी विहिरींचं पाणी लाल केलं होतं. न्यायालयाने साफसफाईचा खर्च कारखानदारांवरच टाकला, तो पुढे ३७.३८५ कोटी ठरला. प्रदूषकाने भरायचं हे तत्त्व आपल्याकडे पक्कं आहे. तिजोरीने आधी भरलं की वसुलीची फाइल कपाटात जाते. रसायन मंत्रालयाने २००५ मध्ये कार्बाइड विकत घेतलेल्या डाऊ कंपनीकडे १०० कोटींची आगाऊ रक्कम मागितली होती. ती मागणी लावून धरायची की करदात्याने पाकीट काढायचं?

सातबारा

बिछडीचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं. १९९६ चा निकाल, आणि पैशासाठी २०११ मध्ये न्यायालयाला पुन्हा आदेश काढावा लागला. पंधरा वर्षं. तेवढी वर्षं तिथल्या माणसांनी विहिरीत काय बघत बसायचं?

भोपाळच्या पाण्यासाठी अमेरिकेत झालेले दावेही पाहा. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने सांगितलं की जबाबदारी भारतीय उपकंपनीची, मूळ कंपनीची नाही. २०१६ मध्ये अपिलातही तेच. ती उपकंपनी १९९४ मध्येच विकली गेली आणि तिचं नाव एव्हरेडी झालं. कार्बाइड २००१ मध्ये डाऊकडे गेली. समन्स चिकटवायला दार राहिलेलं नाही. तत्त्व बरोबर आहे हो, पण तत्त्वाने हंडा भरत नाही.

नळकोंडाळं

बिल कोणाचं यावर तुमचं चालू द्या. मी पाण्याबद्दल लिहितो, कारण वाद नेमका कशाचा आहे तेच वर आलेलं नाही.

या पाण्यात जे सापडतं त्यात डायक्लोरोबेन्झीन, क्लोरोफॉर्म, कार्बन टेट्राक्लोराइड आणि एचसीएच या कीटकनाशकाचे प्रकार आहेत. यातली क्लोरीनवाली द्रावकं पाण्यापेक्षा जड असतात. तेलासारखी वर तरंगत नाहीत, खाली उतरतात आणि चिकणमातीच्या थरावर किंवा खडकाच्या भेगांत साचून बसतात. तिथून वर्षानुवर्षं थोडी थोडी विरघळत राहतात. म्हणून एका बोअरला पाणी स्वच्छ आणि पन्नास मीटरवरच्या दुसऱ्यात घाण, असं होऊ शकतं. पावसाळ्यानंतर आकडे बदलतात ते वेगळंच. ‘पाच विहिरी तपासल्या, चारांत काही नाही’ याचा अर्थ चार विहिरी चांगल्या असा होत नाही.

नमुना घेण्यातही खेळ असतो. सहा इंची बोअरमध्ये २० मीटर पाणी उभं असेल तर ते साधारण ३५० लिटर होतं. तेवढं तीनदा, म्हणजे हजारेक लिटर उपसून मग नमुना घ्यायचा, नाहीतर केसिंगमधलं (बोअरच्या नळीतलं) शिळं पाणी हाती लागतं. उडून जाणाऱ्या द्रावकांसाठी ४० मिलीची काचेची कुपी, काठोकाठ भरलेली. उलटी केली तर एक बुडबुडा दिसता कामा नये. बुडबुडा दिसला म्हणजे थोडं द्रावक त्या हवेत गेलं समजा. कीटकनाशकांसाठी लिटरभर गडद काचेची बाटली, टेफ्लॉनच्या झाकणाची, बर्फात. प्लास्टिकची बाटली एचसीएच शोषून घेते आणि अहवाल ‘आढळले नाही’ असा छान येतो. प्रयोगशाळेची मोजण्याची मर्यादाही बघा: पिण्याच्या पाण्याच्या मानकात अल्फा-एचसीएच लिटरला ०.०१ मायक्रोग्रॅम एवढंच चालतं. यंत्र ०.१ च्या खाली बघतच नसेल तर ‘आढळले नाही’ला काडीची किंमत नाही.

अवांतर: उकळून, तुरटी फिरवून, क्लोरीनची गोळी टाकून यातलं काहीच विश्वासाने जात नाही. जंतू मरतात, एचसीएच तिथेच.

दामदुप्पट

माहिती उत्तम, पण मग पाण्याचं काम झालेलं आहे असंच म्हणावं लागेल. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या वस्त्यांना नळाचं पाणी द्यायला सांगितलं, कोलार धरणाचं पाणी आलं, दूषित हातपंप लाल रंगवले गेले. नळ असताना कुणी बोअर उपसत असेल तर तिथेही सरकारच जबाबदार?

नळकोंडाळं

नळ आहे आणि पाणी आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पाणी दिवसाआड तासभर येत असेल तर उरलेल्या ४७ तासांत नळी रिकामी असते. रिकाम्या नळीत दाब शून्य. वस्तीतली जोडणी गटारातून गेलेली, सांधा ढिला, म्हणजे बाहेरचं पाणी आत. त्यात पाणी आलं की जो तो टुल्लू पंप लावतो आणि नळीत उलट ओढ तयार होते. ही आपल्याकडच्या कुठल्याही शहराची कथा आहे, पण इथे बाहेरचं पाणी म्हणजे नुसतं गटार नाही. त्याहून वाईट म्हणजे जुना बोअर आणि नवा नळ एकाच टाकीत सोडलेले असतात. टाकी भरलेली दिसते, पाणी कुठलं ते कुणालाच माहीत नसतं.

लाल रंगाचं म्हणाल तर हातपंप रंगवून भागत नाही. दांडा आणि सिलिंडर काढून घ्यायचं, बोअर तळापासून बेंटोनाइट (फुगणारी चिकणमाती) आणि सिमेंटच्या मिश्रणाने भरून टाकायची. उघडी सोडलेली बोअर ही वरचं दूषण खालच्या थरात नेणारी नळीच असते. आणि हे करायच्या आधी पर्याय चालू हवा. ५०० घरं, घरटी पाच माणसं, माणशी ५५ लिटर धरलं तरी दिवसाला १,३७,५०० लिटर होतात. १०,००० लिटरच्या टँकरच्या १४ खेपा, रोज. कुठल्याही नगरपालिकेत हे महिनाभर टिकवून दाखवा. म्हणून रंग मारला जातो. रंग स्वस्त असतो.

वस्त्यांची यादी आधी २२ ची होती, २०१८ पर्यंत ती ४२ वर गेली. पाणी चालत राहतं, यादी त्याच्या मागे धावते.

पाथरवट

मग माणसंच हलवा ना! अमेरिकेत मिसुरीमधल्या टाइम्स बीच गावाचं तेच केलं. धूळ बसावी म्हणून रस्त्यांवर १९७० च्या दशकात जळकं तेल मारलं होतं, त्यात डायॉक्सिन हे जहाल विषारी रसायन निघालं. १९८२ च्या डिसेंबरात पूर आला, आरोग्य यंत्रणेने ‘परत येऊ नका’ सांगितलं आणि फेब्रुवारी १९८३ मध्ये सरकारने अख्खं गाव विकत घ्यायचं जाहीर केलं. दोनेक हजार वस्ती. ४२ वस्त्यांच्या नळजोडण्या सांभाळत बसण्यापेक्षा हे सरळ आहे.

सातबारा

टाइम्स बीचचा दुसरा अर्धाही सांगायला हवा. सरकारने आधी पैसे दिले, गाव रिकामं केलं, आणि नंतर माती जाळायचा खर्च सिंटेक्स कंपनीच्या गळ्यात घातला. तिने तेल मारलं नव्हतं. जिथून डायॉक्सिन आलं तो कारखाना तिच्याकडे आला, म्हणून ती धरली गेली. १९९६-९७ मध्ये २,६५,००० टन माती तिथे जळाली. दामदुप्पट, हे वाचताय ना? आधी भरलं म्हणून वसुली बुडली नाही.

दामदुप्पट

वाचतोय. पण त्यांच्याकडे १९८० चा सुपरफंड कायदा होता, ज्याने नंतरच्या मालकालाही धरता येतं. आपल्याकडे तशी तरतूद नसताना आधी भरणं म्हणजे दानच. आणि पाथरवट, ज्या अधिकाऱ्याच्या सल्ल्यावर टाइम्स बीच हलवलं त्या व्हर्नन हाउक यांनीच १९९१ मध्ये सांगितलं की आजच्या माहितीनुसार ते हलवायची गरज नव्हती.

चिंचोका

माणसं हलवण्याबद्दल. विकत घेतलं जातं ते घर, राहणारा नव्हे. अटल-अय्यूब नगर, ब्लू मून कॉलनी अशा वस्त्यांत किती जणांकडे पक्का पट्टा असेल? भाडेकरूला काय, पोटमाळ्यावर राहणाऱ्याला काय? मोबदला कागद असलेल्याला, आणि कागद नसलेला चार गल्ल्या पलीकडे पुन्हा त्याच पाण्यावर. आधी कुटुंबनिहाय यादी, रेशनकार्ड, वीजबिल, शाळेचा दाखला यातला कुठलाही एक पुरावा चालेल असा नियम, मग हलवण्याची भाषा.

पाथरवट

पट्ट्याचा मुद्दा मान्य, तो मी सोडून दिला होता. पण मग ती माती जाळून टाका, बाकी सगळं गौण.

नळकोंडाळं

जाळा. पीथमपूरच्या भट्टीला चाचण्यांनंतर मिळालेला वेग ताशी २७० किलो. ११ लाख टनांना भागा: ४६५ वर्षं, एक मिनिटही न थांबता. शिवाय जाळताना चुना आणि सक्रिय कार्बन घालावा लागतो, म्हणून ३३७ टन जाळून राख त्याच्या दुपटीहून जास्त निघाली. ती राखही कुठेतरी पुरायचीच. पीथमपूरवाल्यांनी जानेवारी २०२५ मध्ये रस्त्यावर येऊन हेच विचारलं होतं: भोपाळचं ओझं आमच्या गावात का?

एवढ्या मातीला दोनच व्यवहारी वाटा दिसतात. जिथे पारा आणि अवशेष दाट आहेत ती ठिकाणं खणून काढून बंदिस्त करायची. उरलेल्यावर ६० सेंटिमीटर दाबलेली चिकणमाती, त्यावर दीड मिलिमीटरचा एचडीपीई प्लास्टिकचा पडदा, वर निचऱ्याचा थर, म्हणजे पावसाचं पाणी खाली झिरपायचं थांबेल. त्याने खालचं दूषण संपत नाही, नवं उतरणं कमी होतं. भोवती निरीक्षण विहिरी, वर्षातून दोनदा नमुने, निदान तीस वर्षं. हा तीस वर्षांचा खर्च कुठल्याच निविदेत दिसत नाही, कारण त्याची फीत कापता येत नाही.

सातबारा

आणि म्हणूनच जुलै २०२५ चे दूषित स्थळांचे नियम बघा. जिल्हा प्रशासनाने सहा-सहा महिन्यांनी संशयित जागांची यादी द्यायची, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक आणि पुढच्या ९० दिवसांत सविस्तर तपासणी करायची. प्रदूषक सापडला नाही किंवा त्याला परवडत नसेल तर खर्च केंद्र-राज्याने करायचा. म्हणजे ‘सरकारने का भरायचं’ याचं उत्तर सरकारनेच लिहून ठेवलंय.

दामदुप्पट

लिहिलंय, पण प्रदूषक सापडला नाही तर. भोपाळमध्ये तो कोण होता हे शाळकरी मुलाला विचारा. आणि त्याच नियमांत तपासणीला ९० दिवस आहेत, साफसफाई पुरी करायला मुदतच नाही. तुमचं सरकार आधी भरेल, मान्य. पण किती तारखेपर्यंत, ते कुठल्या कलमात आहे?

नळकोंडाळं

कुठल्याच नाही. तोवर टाकीतली बोअरची जोडणी तोडा. एक प्लंबर, नळी बंद करायची अर्धा इंची डमी, दहा मिनिटं. त्याला ना डाऊची परवानगी लागत, ना मंत्रिमंडळाची. आणि टाकी धुऊन घ्या, तळाला गाळ असतो.