मदत हवी आहे : तेल-वायू क्षेत्रासाठी एनडीटी (वस्तू न तोडता तपासणी) लेव्हल टू आधी करावे की बोसिएट (समुद्रावरील कामाचे सुरक्षा प्रशिक्षण)?

मी उदगीरचा असून मेकॅनिकल डिप्लोमानंतर लातूर जिल्ह्यातील एका साखर कारखान्यात तीन हंगामांपासून बॉयलर देखभालीवर आहे. ओव्हरहॉलिंगच्या काळात नळ्यांवर जेल लावून अल्ट्रासॉनिक यंत्राने जाडी मोजण्याचे काम मी स्वतः करतो, आणि याच अनुभवावर मुंबई हायच्या प्लॅटफॉर्मवर किंवा एखाद्या रिफायनरीत तपासणीचे काम मिळावे, अशी मनापासून इच्छा आहे.

एका खासगी संस्थेने एनडीटी, पाइपिंग आणि सुरक्षा या तीन कोर्सचे मिळून १ लाख ४० हजार रुपये सांगितले. नमुन्याचे प्रमाणपत्र मागून पाहिले, तेव्हा त्यावर संचालकांची सही होती, परंतु परीक्षा कोणत्या नियमावलीनुसार झाली आणि लेव्हल थ्री (सर्वांत वरच्या पातळीचा) परीक्षक कोण, याचा उल्लेखच नव्हता. म्हणून पैसे भरलेले नाहीत. एसएनटी-टीसी-१ए या एनडीटी प्रमाणपत्राच्या अमेरिकी पद्धतीत प्रमाणपत्राची जबाबदारी मुळात नोकरी देणाऱ्या कंपनीची असते, तर समुद्रावरील कामासाठी लागणाऱ्या बोसिएटची मुदत ४ वर्षे असल्याने नोकरीआधी ते केले तर ती घरी बसूनच संपू लागते, एवढे मला समजले आहे. एपीआय ५७० या पाइपिंग तपासणीच्या प्रमाणपत्राचा विचार पुढे करीन.

गाळप संपल्यावर महिनाभराचीच रजा मिळते आणि ६० हजारांपलीकडे खर्च झेपणार नाही. मुंबई-पुण्यात राहण्याची सोय आहे.

या क्षेत्रात प्रत्यक्ष काम केलेल्यांनी कृपया सांगावे : कंत्राटी कंपन्या भरतीच्या वेळी संस्थेचे लेव्हल टू प्रमाणपत्र ग्राह्य धरतात, की आयएसओ ९७१२ या आंतरराष्ट्रीय मानकानुसारचेच मागतात, आणि बोसिएट उमेदवाराने स्वखर्चाने आधी करून ठेवावे लागते, की निवड झाल्यावर कंपनी करवून घेते?